लांब पल्ल्याची शर्यत आणि रस्त्याकडेची माणसे

पट पाहायला एकटे कोणी जात नाही. धान घरात आले, मळणी उरकली, की लाखनी-साकोलीकडच्या गावांतून बातमी फिरू लागते, अमक्या गावी पट भरतो आहे म्हणून. मग चार मित्र जमतात. कोणाची मोटारसायकल, कोणाची बैलगाडी, कोणी एस.टी.ने येतो आणि फाट्यावरून पायी चालतो. शेतात धावेच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना माणसांची भिंत उभी राहते. जोडी सुटते, हाकणारा ओरडतो, धूळ उडते, आणि तुम्ही मान इकडून तिकडे वळवता तोच जोडी पार होते. सगळा खेळ काही सेकंदांचा. पुढचा वेळ त्या सेकंदांवर भांडण्यात जातो, आणि रात्री तेच चार मित्र नाटकाच्या मंडपात जाऊन बसतात.

पटातली एक गोष्ट आपण गृहीत धरून चालतो. सुटण्याची जागा आणि पोहोचण्याची जागा, दोन्ही एका नजरेत येतात. कोण जिंकले हे सांगायला दुसरा माणूस लागत नाही. निदान आपल्याला तसे वाटते तरी. आज मी तुम्हांला अशा एका शर्यतीची हकिगत सांगणार आहे, जिच्यात हे सुख कोणालाच मिळाले नाही. ती शर्यत मोटारींची होती, ती आपल्या महाराष्ट्रातून गेली, आणि तिला जमलेल्या लाखो माणसांपैकी एकानेही ती पुरती पाहिली नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार कामाची वाटते. का, ते ओघात येईलच.

प्रथम मोटारींच्या शर्यतींविषयी थोडे. मोटार नवी होती तेव्हा ती किती जोरात पळते यापेक्षा ती पोहोचते की नाही, हाच लोकांचा प्रश्न असे. टायर फुटत, साखळ्या तुटत, पाणी उकळे. म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत सार्वजनिक रस्त्याने शर्यती होऊ लागल्या. त्यांतली पॅरिस ते माद्रिद ही शर्यत २४ मे १९०३ रोजी निघाली. लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहून येणाऱ्या मोटारीकडे पाहत आणि ती अगदी जवळ आली की बाजूला होत. आपल्याकडेही पटात काही हौशी पोरे हेच करतात, हे तुम्ही पाहिले असेल. बैलांच्या बाबतीतसुद्धा हे धाडस अंगाशी येते; मोटारींच्या बाबतीत व्हायचे तेच झाले. धुळीत चालकांना पुढचे दिसेना. चालक मेले, त्यांचे मेकॅनिक मेले, पाहणारेही मेले. फ्रेंच सरकारने बोर्दो या गावी शर्यत थांबवली आणि ती माद्रिदला पोहोचलीच नाही.

त्यानंतर युरोपात शर्यती हळूहळू बांधून काढलेल्या किंवा बंद केलेल्या वाटांवर आल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली ल मां येथील चोवीस तासांची. फ्रान्समधल्या या गावी ती १९२३ साली प्रथम झाली. साडेतेरा किलोमीटरच्या आसपासचा वळसा. चोवीस तास मोटारी त्याच वाटेने फिरत राहायच्या, चालक आळीपाळीने बसायचे, आणि जो जास्तीत जास्त अंतर तोडील तो पहिला. तिथला प्रेक्षक म्हणजे आपल्या मंडईतला प्रेक्षक म्हणा ना! खाणे-पिणे, पाळणे, गप्पा, मध्येच एक डुलकी, मग उठून पुन्हा कठड्याशी. दर काही मिनिटांनी तीच मोटार पुन्हा समोरून जाते, म्हणून त्याला धागा सापडतो. पण तिथेही ११ जून १९५५ रोजी एक मोटार दुसरीवर आदळून थेट गर्दीत गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली. मोटार शर्यतींच्या इतिहासात प्रेक्षकांचा एवढा मोठा संहार दुसरा नाही. त्यानंतर कठडे, अंतरे आणि प्रेक्षकांच्या जागा यांचे नियम सगळीकडे नव्याने तपासले गेले.

तिसरा प्रकार देशोदेशी जाणाऱ्या शर्यतींचा. १० जून १९०७ रोजी पेकिंगहून पाच मोटारी पॅरिसला निघाल्या. इटलीचा राजपुत्र बोर्गेसे इटाला मोटारीतून १० ऑगस्टला पॅरिसला पोहोचला. त्याच्या मोटारीत लुइजी बार्झिनी नावाचा वार्ताहर बसला होता. ही मंडळी तारेचे खांब धरून चालली होती, कारण तारकचेरी आली की बार्झिनीला बातमी पाठवता येई. गोबीच्या वाळवंटातल्या एका तारकचेरीत त्याने तार दिली, तेव्हा तिच्यावर पहिला क्रमांक पडला. त्या कचेरीतून त्याआधी कोणी तार पाठवलीच नव्हती. पाहा, शर्यत वाळवंटात चाललेली, पाहणारे कोणी नाही, आणि तिचा वाचक मात्र हजारो मैलांवर सकाळी वर्तमानपत्र उघडून बसलेला. लांब पल्ल्याच्या शर्यतीचा खरा प्रेक्षक हा असा घरी बसलेला असतो.

आपल्या देशातही फार मागे राहिलो नव्हतो. १९०४ च्या डिसेंबरअखेर दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची कसोटी घेण्यात आली होती. मोटार भारतीय रस्त्यांवर टिकते का, हे पाहायचे होते. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने ती साहेबांची आणि संस्थानिकांची गंमत होती. सर्वांनी पाहिली अशी शर्यत यायला पुढे चौसष्ट वर्षे जावी लागली.

ती १९६८ ची लंडन ते सिडनी मॅरेथॉन. १९६७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडने पौंडाची किंमत उतरवली होती, देशात मरगळ आली होती. लोकांना हुरूप यावा, ब्रिटिश मोटारींची जाहिरात व्हावी आणि जाता जाता आपला खपही वाढावा, अशा तिहेरी हिशेबाने लंडनच्या डेली एक्सप्रेस या पत्राने ही शर्यत काढली. सिडनीचे डेली टेलिग्राफ दुसऱ्या टोकाला उभे राहिले. पहिले बक्षीस दहा हजार पौंडांचे. अंतर सुमारे सोळा हजार किलोमीटर, मधल्या समुद्राचे सोडून. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ मोटारी निघाल्या. पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, मग खैबर खिंड उतरून लाहोर, दिल्ली आणि मुंबई. आजच्या मुलांना नकाशावर ही वाट दाखवा. १९६८ साली मोटारीने काबूलहून दिल्लीला येता येत होते, ही गोष्ट त्यांना गोष्टीच्या पुस्तकातली वाटेल.

दिल्ली ते मुंबई हा टप्पा सुमारे चौदाशे किलोमीटरचा. त्यासाठी वेळ दिलेला होता २२ तास ५१ मिनिटे. म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या आसपास. आजच्या चौपदरी रस्त्यावर हा वेग कोणाला मोठा वाटायचा नाही. पण त्या काळचा आग्रा रोड डोळ्यांपुढे आणा. एकपदरी-दुपदरी डांबर, दोन्ही कडेला मुरूम, वळणरस्ते नाहीत, म्हणून प्रत्येक गावाच्या बाजारातून जायचे. रेल्वेची फाटके. रात्री दिवा न लावता चाललेल्या बैलगाड्यांची रांग, आणि पुढच्या गाडीवाल्याला झोप लागलेली. अशा रस्त्यावर सरासरी साठ राखायची म्हणजे मोकळ्या जागी शंभराच्या वर जायला हवे.

आता आपल्या भंडाऱ्याचा या रस्त्याशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. वैनगंगेच्या पुलावरून जो रस्ता आपल्या गावातून जातो, जुना महामार्ग सहा, आता ज्याला त्रेपन्न म्हणतात, तो धरून पश्चिमेला चालू लागा. नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव करीत धुळे येते. तिथे उत्तरेकडून दिल्ली-आग्रा-इंदूरचा रस्ता येऊन आपल्या रस्त्याला मिळतो आणि नाशिककडे, मुंबईकडे उतरतो. म्हणजे त्या शर्यतीची वाट आपल्या वाटेला धुळ्यात छेदून गेली.

तर समजा, १९६८ च्या डिसेंबरच्या आरंभी आपण चार मित्र धुळ्याच्या चौकात उभे आहोत. काय दिसेल?

पहिल्याने गर्दी. या शर्यतीत भाग घेतलेल्यांनी पुढे ज्या आठवणी लिहिल्या, त्यांत भारतातल्या गर्दीचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. एवढी माणसे त्यांना वाटेत दुसरीकडे क्वचितच भेटली. काहींना त्या गर्दीचे प्रेम वाटले, काहींना तिची धास्ती वाटली. रस्त्याची एक अरुंद फट उरलेली, आणि तिच्यातून पोलीस लाठ्या आडव्या धरून वाट करून देताहेत. मग कोणीतरी ओरडतो, आली, आली! दोन दिवे दिसतात. चिखलाने आणि धुळीने माखलेली मोटार, टपावर जादा टायर, दारावर आकडा, आत दोन-तीन माणसे, त्यांतला एक झोपलेला. झुप्! गेली. पुढची केव्हा येईल, याचा नेम नाही. मोटारी लंडनहून एकामागून एक सोडलेल्या; वाटेत कोणी मागे पडलेला, कोणी पुढे निघालेला. पुढे आलेली मोटार शर्यतीतही पुढे आहे, असे मुळीच नाही.

इथे या शर्यतीचा हिशेब समजून घेतला पाहिजे. प्रत्येक मोटारीजवळ एक वेळपत्रक. ठरलेल्या ठाण्यावर पोहोचले की तिथला माणूस त्यावर वेळ नोंदवणार. दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट उशीर झाला की एक गुण दंड. लवकर पोहोचून काही मिळत नाही. दंड सर्वांत कमी तो विजयी. म्हणजे शर्यत रस्त्यावर दिसत होती, पण घडत होती कागदावर. चौकातल्या माणसाला हा कागद कुठून दिसणार?

त्या चौकातून कोण कोण गेले, ते आज आपल्याला ठाऊक आहे. मुंबईला पहिल्या क्रमांकावर पोहोचला इंग्रज चालक रॉजर क्लार्क, लोटस कोर्टिना मोटारीत. दुसरा फिनलंडचा सिमो लाम्पिनेन. तिसरा बेल्जियमचा ल्युसियाँ बियांकी. हा बियांकी म्हणजे कोण? दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९६८ अखेर, ज्याने पेद्रो रॉद्रिगेसबरोबर ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती तो. जगातला त्या वर्षीचा एक अव्वल चालक सित्रोएन मोटारीत बसून आपल्या बाजारातून गेला, आणि चहाच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या कोणाला त्याचा पत्ता नव्हता. मला यात काही उणे वाटत नाही. पटात तरी जोडीचा मालक कोण हे आधी कोणी सांगितले नाही, तर आपल्याला बैलच दिसतात.

आणि सहाव्या क्रमांकावर एक हिलमन हंटर. साधी घरगुती मोटार, तिच्यासाठी मान वळवावी असे काही नाही. चालवणारा स्कॉटलंडचा शेतकरी, अँड्र्यू काउअन. बरोबर ब्रायन कॉइल आणि कॉलिन माल्किन. या तिघांचा बेत सरळ होता. मोटार मोडू द्यायची नाही, दंड फार होऊ द्यायचा नाही, आणि सिडनी गाठायचे. धुळ्याच्या चौकात टाळ्या कोणाला जास्त पडल्या असतील, हे सांगायला नको. हंटरला नक्कीच नाही.

मुंबईपर्यंत ७२ मोटारी आल्या. पी. अँड ओ. कंपनीचे चुसान जहाज त्या घेऊन ५ डिसेंबरच्या पहाटे निघाले आणि १३ तारखेला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रीमँटलला लागले. दुसऱ्या दिवशी पर्थहून पुन्हा शर्यत. मुंबईत मोटारी जहाजावर चढताना पाहून आपल्याकडच्या प्रेक्षकांनी जी समजूत करून घेतली असेल, ती अशी की आता क्लार्कच जिंकणार. ती चुकीची नव्हती. तोपर्यंतच्या पुराव्याला धरूनच होती.

पण ऑस्ट्रेलियात क्लार्कच्या इंजिनाने दगा दिला. त्याच्याच संघातल्या दुसऱ्या कोर्टिनाचे भाग काढून त्याच्या मोटारीला बसवले, तेव्हा ती चालली. पुढे मागच्या एक्सलमधले डिफरन्शियल गेले. जवळपास दुकान नाही, गॅरेज नाही. रस्त्याकडेला एका साध्या माणसाची कोर्टिना उभी दिसली. याने त्याला गळ घातली, तुझ्या मोटारीचा मागचा एक्सल मला वीक! तो गृहस्थ आधी का-कू करीत होता, मग तयार झाला. त्याच्या मोटारीचा एक्सल क्लार्कच्या मोटारीला बसला. या सगळ्यात गेली ऐंशी मिनिटे, म्हणजे ऐंशी गुण. क्लार्क दहावा आला. आपल्या गडेगावच्या अशोक लेलँडच्या कारखान्यात काम करणाऱ्या मंडळींना ही गोष्ट सांगितली तर त्यांना काउअनपेक्षा त्या एक्सलवाल्याचीच चौकशी जास्त करावीशी वाटेल. मलाही वाटते. शर्यत पाहणाऱ्याने शर्यतीला स्वतःचा एक्सल काढून दिला, याहून अधिक प्रेक्षक म्हणून कोण काय करील?

लाम्पिनेनचीही मोटार बिघडून तो मागे पडला. आता बियांकी पहिला. १७ डिसेंबर, सिडनी शे-दीडशे किलोमीटरवर आलेले. मोटार त्याचा जोडीदार ज्याँ-क्लोद ओजिये चालवत होता, बियांकी शेजारी झोपलेला. रस्ता इतर वाहतुकीला बंद आहे असे मानलेले. समोरून एक मिनी मोटार आली आणि दोन्ही समोरासमोर धडकल्या. बियांकी जबर जखमी झाला. मागून येणारा आयर्लंडचा पॅडी हॉपकर्क आणि त्याचे साथीदार शर्यत सोडून तिथे थांबले आणि त्यांनी जखमींना मदत केली. त्यांनाही जिंकण्याची आशा होती, हे लक्षात घ्या.

आणि तो स्कॉटिश शेतकरी हिलमन हंटर घेऊन पहिला आला. सोळा हजार किलोमीटरांत त्याचा एकूण दंड ५०. हॉपकर्कचा ५६. ९८ पैकी ५६ मोटारी शेवटापर्यंत पोहोचल्या. बियांकी बरा झाला, पण पुढच्याच वर्षी, ३० मार्च १९६९ रोजी, ल मां येथे सराव करताना अपघातात गेला. हंटरची एक गंमत अशी की तिच्यावरून बनवलेली पायकान ही मोटार इराणात २००५ सालापर्यंत निघत होती. ज्या देशातून ती शर्यतीत धावत गेली, तिथलीच ती घराघरांतली मोटार झाली.

शिक्षक मित्रहो, आता तुमच्यासाठी. धुळ्याचा माणूस प्रत्यक्षदर्शी होता. त्याने विजेत्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि तरी विजेता कोण हे त्याला दोन आठवड्यांनी वर्तमानपत्रातून कळले. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला आकडे कळले. पण रात्री दोनला चौकात किती माणसे उभी होती, कोणी मोटारीवर फुले टाकली, पोलिसांनी कोणाला मागे ढकलले, धुळीचा वास कसा होता, हे आकड्यांत नव्हते. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या लढाया अशाच असतात. पानिपतावर उभ्या असलेल्या शिपायाला डाव्या अंगाला काय चालले आहे ते दिसत नव्हते. बखरकाराला निकाल ठाऊक होता, म्हणून त्याच्या लेखणीत प्रत्येक घटना त्या निकालाकडे धावत जाते. मुलांना हे फळ्यावर लिहून समजत नाही. त्यांना पटाला घेऊन जा.

दहा मुलांना पट्टीच्या दहा ठिकाणी उभे करा. अर्थात दोराच्या अलीकडे, सुरक्षित अंतरावर. एक सुटण्यापाशी, एक पोहोचण्यापाशी, एक घड्याळवाल्याजवळ, एक बैल बांधले आहेत तिथे, एक भज्यांच्या दुकानाशी. घरी आल्यावर प्रत्येकाला पानभर लिहायला सांगा, आणि एकमेकांचे वाचू देऊ नका. मग दहा पाने एकत्र ठेवून एक हकिगत लिहायला बसा. कोणती जोडी जिंकली यावर फारसा वाद होणार नाही, ते घड्याळ सांगेल. वाद होईल तो बाकीच्यावर. बैलाला पराणी टोचली की नाही, यावर तर हमखास होईल, आणि तो प्रश्न साधा नाही. याच प्रश्नावर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या होत्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी आपल्या राज्याला अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बैलाला इजा होत नाही असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या अटी मनापासून पाळल्या पाहिजेत, असे माझे मत आहे. नुसते डोळे झाकून परंपरा परंपरा म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरे काम मोठ्या मुलांसाठी. १९६८ साली जो दहा वर्षांचा होता, तो आज सत्तरीच्या आसपास आहे. खानदेशात, नाशिकला, इगतपुरीला अशी माणसे आहेत, ज्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या मोटारी पाहिल्या असतील. तुमच्या वर्गातल्या कोणाचा मामा, कोणाची आत्या तिकडे असेल. फोन करायला सांगा. विचारायचे ते एवढेच: कुठे उभे होता, बरोबर कोण होते, किती वेळ वाट पाहिली, काय दिसले. कोण जिंकले, हे विचारू नका. ते आपल्याला ठाऊक आहे, आणि एकदा विचारले की म्हातारा माणूस बिचारा आठवणीतून ती हिलमन हंटरच शोधू लागेल. उत्तर आले की तारीख घालून वहीत उतरवून ठेवा. आणि त्याच वहीच्या मागल्या बाजूने आपल्या गावच्या पटाचे लिहायला घ्या. १९६८ च्या त्याच हिवाळ्यात तुमच्या गावी पट भरला होता का, कोणाची जोडी होती, आणि तो पाहायला आजोबा कोणाकोणाबरोबर गेले होते.